भिंतीवरची माझी टिकली

मैत्रिणींनो, आज एका बाईवर एवढी जळले ना, विचारू नका.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर खांदा आखडतो. म्हणून घाटकोपरच्या आमच्या व्यायामाच्या वर्गात भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवतात. हात पोचेल तिथे आपापली टिकली चिकटवायची. माझी लाल टिकली कायम सुनंदाच्या हिरव्या टिकलीखाली! केमो दोघींची चालू, तरी हिचा हात सरसर वर. वर हसून विचारणार, "दुखतंय का गं?"

मध्ये केमोने माझी वाट लागली. वर्गाला दांडी मारली, सोडूनच देणार होते. आज नवऱ्याने जबरदस्तीने पाठवलं.

बघते तर माझी लाल टिकली हिरवीच्याही वर!

"हा चावटपणा कोणाचा?"

"माझा," सुनंदा म्हणाली. "माझ्या खाली राहायला आवडत नाही ना तुला? तोंडावर दिसतं गं. मग ये की वर."

चिडून बोटं चढवली. हिरवीपर्यंत पोचले. डोळ्यांत पाणी आलं, ते खांद्यामुळे.

व्यायामात ती पुढे, मनानेही तीच पुढे. अशा बाईवर माणसाने धड जळायचं तरी कसं, सांगा?

गुरुवारी जातेच आहे. वरची टिकली माझी आहे.