अजिनाथचा सॉस

मला लोक फटकळ म्हणतात. म्हणोत बापडे. छत्तीस वर्षं पारनेरच्या शाळेत गणित शिकवलं, गोड बोलून एकाही कार्ट्याचे पाढे सुधारले नाहीत. अजिनाथचे तर मारूनही सुधारले नाहीत. पण पुण्याच्या हॉटेलात आठ वर्षं राबून तो परत आला, एसटी स्टँडमागे पिझ्झाचं दुकान काढलं आणि पहिल्या दिवशी मला हाताला धरून घेऊन गेला. म्हटलं, मेल्या, या वयात मला मैदा चारतोस? आणि दोन तुकडे खाऊन तिसरा मागितला.

दुकान म्हणजे चार टेबलं, एक भट्टी आणि मागे पूजा, त्याची बायको. बेस ती हातानं थापते, पनीर घरच्या म्हशीच्या दुधाचं. नगरला चकचकीत दुकानं पुष्कळ आहेत, पण खाऊन उठलात की तुम्ही कोण नि ते कोण! इथे अजिनाथ आधी माणसं मोजतो, मग कापतो. पाच जण आले तर पाचच तुकडे, पोरांत भांडण नको. श्रावणात कुणाचा कांदा-लसूण बंद, कुणाचे दात गेलेत म्हणून कडा मऊ ठेवायच्या, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं.

एक गोष्ट मात्र सगळ्या गावाला ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. करोनाच्या तापात त्याची चव नि वास गेले, ते परत आलेच नाहीत. मीठ नि साखर त्याला सारखंच. रोज सकाळी टोमॅटोचा सॉस शिजला की पूजा चाखायची. ती हो म्हणाली की मगच दुकान उघडायचं.

गेल्या महिन्यात पूजाची आई पाय घसरून पडली आणि पूजाला आठवडाभर अकोले तालुक्यातल्या माहेरी जावं लागलं. अजिनाथ माझ्या दारात उभा.

"बाई, तुमी चाखाल का? तुमी तोंडावर बोलता. बाकीचे भिडंला पडत्यात."

खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

दोन दिवस झकास गेले. मी म्हणायची मीठ कमी, तो घालायचा. तिसऱ्या दिवशी चमचा तोंडात घातला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. मीठ दोनदा पडलं होतं. पण समोर तो उभा, पहाटेपासून एकटा राबलेला, बोट भाजलेलं, मोठं पातेलं भरून सॉस तयार. माझी ही जीभ आयुष्यात एकदाच मऊ झाली आणि नको तिथे झाली.

"चांगला झालाय," मी म्हणाले.

दुपारी राळेगणचे भिमाजी नातीच्या वाढदिवसाला अकरा जणांना घेऊन आले. मी कोपऱ्यात बसले होते. सगळ्यांनी पहिला घास घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खात राहिले. एकानंही तुकडा टाकला नाही. जाताना भिमाजींनी अजिनाथच्या पाठीवर थाप मारली. "झ्याक हुतं गड्या!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टेबल पुसता पुसता अजिनाथ थांबला.

"बाई, बारा मानसं आन् पान्याचे नऊ जग. आज ऊन बी न्हाई." तो माझ्याकडे वळला. "खारट हुतं का?"

"होतं."

"सकाळी बी?"

"सकाळीही होतं. मला तुझी दया आली रे."

तो ओरडला असता तर परवडलं असतं. हळूच म्हणाला, "लोक दया करत्यात, ते मला म्हाईत हाय. म्हनून तर तुमच्याकडं आल्तो. आता तुमी बी खोटं बोलाय लागल्यावर मी दुकान कसं चालवू?"

आणि त्यानं शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. लोक मलाच विचारायचे, अजिनाथ आजारी आहे का? काय सांगणार, कपाळ! चौथ्या दिवशी सकाळी मीच गेले. शटर अर्धं वर होतं आणि हा आत नुसता बसलेला.

"सॉस कर," मी म्हणाले.

"कशाला?"

"कर म्हणते ना! माझं चुकलं. ऐकलंस? माझं चुकलं. ऊठ आता." जन्मात कुणा विद्यार्थ्याची माफी मागितली नव्हती. तो उठला.

तासाभरानं पातेलं उतरलं. चमचा माझ्या हातात देऊन तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी चाखलं.

"आंबट! शी! आणि लसूण जाळलायस. पूजानं हे बघितलं तर माहेराहून परत यायची नाही. ओतून टाक."

अजिनाथचा चेहरा असा खुलला की काय सांगू. छत्तीस वर्षांत पास झालेल्या पोराचाही मी तसा पाहिला नव्हता.

"आता खरं बोल्लात, बाई," तो म्हणाला. पातेलं त्यानं मोरीत रिकामं केलं आणि नव्यानं टोमॅटो चिरायला बसला.