अच्छी शिक्षा

मिरजेच्या स्टेशनात आत्या मला सोडायलाच तयार नव्हती. बाबांची ही विधवा बहीण. मी तिच्याच कुशीत झोपायचे. "दादा, तिकडं मराठी शाळा नाही म्हणे. पोर मुकी होऊन बसेल," ती म्हणाली. बाबांना भोपाळच्या नव्या कारखान्यात फिटरची नोकरी लागली होती. राज्यांच्या हद्दी नुकत्याच बदलल्या होत्या, भोपाळ राजधानी झालं होतं, पण माझ्या पाच वर्षांच्या डोक्यात 'मुकी' एवढा एकच शब्द घुसला. गाडीत मी मधूनमधून हळूच बोलून बघत होते, आवाज निघतोय ना म्हणून.

बरखेड्यात, कारखान्याच्या वसाहतीत, क्वार्टर मिळालं. एका बाजूला मल्याळी, दुसऱ्या बाजूला बंगाली, समोर पंजाबी. आई दारात उभी राहून सगळ्यांकडे बघून हसायची आणि आत येऊन रडायची. मग बाबांनी बालमंदिरात माझं नाव घातलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "यहाँ इसे बहुत अच्छी शिक्षा मिलेगी." आणि बाबा, माझे बाबा, हसून म्हणाले, "जी हाँ, बस यही चाहिए."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला कोण सांगणार? मला आपली मराठीतली शिक्षा ठाऊक: कान धरून उठाबशा, नाहीतर तळहातावर पट्टी. मी काय केलं होतं तेच आठवेना. तुम्हाला हसू येईल, मला अजून येत नाही. रोज मी हात फ्रॉकमागे लपवून बसायचे आणि वाट बघायचे. तोंड उघडलं तर गुन्हा वाढेल म्हणून चिडीचूप. आत्याचं म्हणणं खरं ठरत होतं.

महिन्याभराने निरोप आला: मुलगी बोलत नाही, घरीच ठेवा. बाबा आईला म्हणाले, "तुम्ही दोघी मिरजेला जा. मी राहीन एकटा." आईने ट्रंक बाहेर काढली. माझ्यामुळे बाबा दुरावणार होते. त्या भीतीपुढे पट्टीची भीती काहीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि सरळ कान धरून उठाबशा काढायला लागले. शिक्षा एकदाची होऊन जाऊ दे, म्हणजे इथे राहता येईल. मुलं खिदळली. आमच्या वर्गाच्या बाई जुन्या भोपाळातल्या, सगळे त्यांना आपा म्हणत. त्या हसल्या नाहीत. "अरे, ये क्या कर रही हो?"

"शिक्षा," मी हुंदके देत म्हणाले.

"हाय अल्लाह! तुम्हारे यहाँ इसे शिक्षा कहते हैं?" त्यांनी मला मांडीवर ओढलं. "आज से हम यहाँ सिर्फ़ पढ़ाई बोलेंगे." मग त्यांनी एकेकाला विचारलं, पानी को तुम्हारे घर में क्या कहते हैं? मल्याळी मुलगी म्हणाली, "वेळ्ळम." बंगाली मुलगा म्हणाला, "जॉल." समोरच्या पंजाब्यांचा मुलगा म्हणाला, "पाणी."

पाणी! आमचाच ण! "आमच्याकडेपण पाणीच!" मी किंचाळले. त्या संध्याकाळी ट्रंक पुन्हा पलंगाखाली गेली.

पुढे मी त्याच वयाची मुलं शिकवली, तीस वर्षं, भोपाळातच. लोक म्हणतात, एवढ्याशा पोरांना काय कळतंय कुणाची भाषा न् कुणाचा धर्म, मोठेपणी शिकतील. ते ऐकून मला धडकी भरते. मोठं होईपर्यंत मूल आपल्या एखाद्या शब्दाने भेदरून कधीच गप्प झालेलं असतं. दर जुलैत नवा वर्ग समोर बसला की मी एकेकाचा चेहरा निरखायचे: माझा कुठला शब्द आज कुणाला भलताच ऐकू आलाय? काही मुलं मला सापडली. सगळी सापडली नसणार.

तुम्ही नातलग मिरजेहून विचारता, घरी कधी येणार? त्या प्रश्नाचीही मला भीती वाटते. पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे आलो होतो. चौथ्या दिवशी पानावर बसल्या बसल्या मी आईला विचारलं, "आई, आपण घरी कधी जायचं?"

आतमध्ये आत्याचं लाटणं थांबलं.