सगळ्यांत हळू तो पुढे

शिखरावर माणसं नेणाऱ्या गाइडांमध्ये त्याला सगळे इंजिन म्हणत. एकतीस वर्षं त्याने ती डोंगरवाट तुडवली आणि एकतीस वर्षं मागे पडणाऱ्यांचा पाणउतारा केला. कुणी दम खायला टेकलं की हा ओरडायचा, "काय हो, मुक्काम करताय का?" बिचारी माणसं ओशाळून उठत. आपण फार विनोदी आहोत, असं त्याला मनापासून वाटे.

त्याचा जावईही गाइडच. त्याला तयार केलं ते इंजिनानेच, आणि त्याची किंमत रोज वसूल केली. सहा वर्षं पाहुण्यांसमोर तो जावयाची ओळख "आमची बैलगाडी" अशी करून देत आला. लेक म्हणायची, "बाबा, पुरे आता." पण पुरे कुठे म्हणायचं, हे या गृहस्थाला कधी कळलंच नाही.

यंदा त्याला साठ पूर्ण झाली आणि गाइडाचा बिल्ला टिकवायची चाचणी आली. संघटनेच्या निरीक्षकासमोर आठ जणांना सकाळी दहाच्या आत शिखरावर न्यायचं, कारण दहानंतर धुकं चढतं आणि काही दिसत नाही. ग्राहकामुळे झालेला उशीर माफ. नापास झाला तर बिल्ला परत करायचा आणि पायथ्याच्या टपरीत बसून काठ्या भाड्याने द्यायच्या. इंजिनाचा उजवा गुडघा तर चार महिन्यांपूर्वीच कामातून गेला होता. बायकोलाही पत्ता लागू न देता तो न्हाणीघरात कडी लावून मलम चोळायचा.

निरीक्षक म्हणून जावई आलेला पाहून त्याला हायसं वाटलं. घरचाच माणूस, सांभाळून घेईल.

गाइडांचा एक पक्का नियम होता. सगळ्यांत हळू चालणारा पुढे, बाकी सगळे त्याच्या मागे, म्हणजे वाटेत कुणी सुटत नाही. इंजिनाने त्यातच पळवाट काढली. आठ जणांतून त्याने पांढऱ्या केसांच्या एक निवृत्त शिक्षिका निवडल्या. "बाई, तुम्ही पुढे." त्या हळू चालणार, त्यांच्या मागे याचं लंगडणं झाकलं जाणार, आणि उशीर झालाच तर खापर त्यांच्या माथी.

बाई खरंच हळू चालल्या. इंजिनाने तिथे गप्प बसायचं ना! पण मागून जावई ऐकतोय म्हटल्यावर त्याचं तोंड सुटलं. "बाई, मुंग्या पुढे गेल्या हो!" "बाई, शाळेत घंटा झाल्यावरही अशाच निघायचात का?" मागचे हसले. त्याला आणखी चेव चढला.

अर्ध्या वाटेवरच्या सपाट खडकावर बाई वळल्या.

"दुसऱ्या वळणापासून मी तुमच्यासाठी हळू चालतेय," त्या म्हणाल्या. "तुमचा उजवा पाय घासत येतोय, ते मला ऐकू येतंय. म्हटलं, जाऊ दे, माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे. पण तुमची जीभ काही थांबेना."

आणि त्या निघाल्या त्या तरातरा. इंजिन त्यांना गाठायला धावला, दहा-बारा पावलांत गुडघा धरून खाली बसला.

जावई मागून वर आला. इंजिन कुजबुजला, "जावईबापू, जरा इथेच थांबू. बाईंना चक्कर आली, असं लिहा."

जावयाने मनात आणलं असतं तर त्यालाही हळू बोलता आलं असतं. पण तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, थांबा. मामा, तुम्ही पुढे या."

इंजिनाने त्याच्याकडे पाहिलं. जावयाची नजर ढळली नाही.

मग तो पुढे चालला, एक हात गुडघ्यावर, दुसरा झुडपांना धरून. मागे नऊ जण, त्याच्या पावलाला पाऊल लावून. कुणी चेष्टा केली नाही. केली असती तर त्याला सोसलं असतं.

दहाला पाच कमी असताना ते शिखरावर पोचले. खाली सगळी दरी उन्हात लख्ख पसरली होती.

"दहाच्या आत आणलं मी," इंजिन धापा टाकत म्हणाला.

"तुम्ही नाही आणलंत, मामा. तुम्हाला आणलं."

जावयाने हात पुढे केला. इंजिन छातीवरच्या बिल्ल्याशी झटू लागला, पण टाचणी काही निघेना. शेवटी जावयानेच पुढे वाकून, सावकाश, ती काढायला घेतली.

दरी बघायला कड्याशी गेलेल्या बाकीच्यांना लांबून वाटलं, म्हाताऱ्याला पदक लावताहेत. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एका मुलीने फोटोसाठी मोबाइल वर धरला.

"आजोबा, इकडे बघा. हसा ना!"

बाईंनी मान फिरवली. इंजिन हसला.