छताची एक फळी

देवळी गाव मागे पडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गाडीवाटेनं मनकर्णाबाई पुढे आणि गोपिका मागे. वारा जराही नव्हता, तरी दोन्ही बाजूंची कापसाची वाळकी पऱ्हाटी खुळखुळत होती.

"मावशी, दमलात का?"

"मी कायले दमू? तूच म्हशीवानी धापा टाकून राह्यली."

गोपिका नालवाडीजवळच्या एका शेडमध्ये नोकरीला होती. कापूस वेचून झाला की उपटलेली पऱ्हाटी तिथे कुटायची, तिच्यात सरस मिसळायचा आणि तापवून, दाबून फळ्या करायच्या. जंगलातला साग उभा राहावा आणि गरिबाचं घरही उभं राहावं, एवढाच हेतू. मनकर्णाबाई तिथे कुटायच्या कामावर. उभा जन्म निंदणात गेलेली बाई. सूर्याला पाणी दिल्याशिवाय कशाला हात लावायची नाही. पहिल्या फळ्या तिच्याच घराच्या छताला ठोकल्या होत्या. दोन पावसाळ्यांत साऱ्या फुगल्या, वाळवीनं खाल्ल्या. एक तेवढी शाबूत. आज ती काढून न्यायची आणि उद्या शेडच्या हौदात बुडवून पाहायची होती. टिकली तर तशाच फळ्यांची घरं गावोगाव होणार होती.

"तेवढीच का टिकली असेल, मावशी?"

मनकर्णाबाई थांबली. वाटेलगतच्या वावराच्या कोपऱ्याकडे तिनं बोट केलं. "तिथं माही सखू हाय."

सखू तिची लेक, पाच महिन्यांची होऊन गेली. एवढ्या लेकराला जाळत नाहीत, म्हणून बांधाशी पुरली. त्या जागेवर उगवलेलं पऱ्हाटीचं झाड घरातलं कोणी उपटत नसे. मनकर्णाबाई त्याला काळा दोरा बांधायची.

"त्या साली मी तापानं पडली होती. आमचे दीर, बंडूजी, गेलते बाजारात. मजुरायनं सारं वावर साफ केलं अन् गाडी भरून तुमच्या शेडात."

"पण ती हीच फळी, कशावरून?"

"दोरा दिसते न तिच्यात. पयले कोपऱ्यात होता. आता मधात आला."

गोपिका हसायला गेली, पण हसू आलं नाही.

मावशीच्या घरी पोचल्यावर गोपिका खाटेवर चढली. फळीच्या बरोबर मधोमध, भुशात दाबलेला, काळा दोरा होता. तिनं हात लावला. आजूबाजूच्या फळ्या वरच्या तापलेल्या टिनानं पोळत होत्या. ही तेवढी कोमट होती, झोपेतून उठलेल्या लेकराच्या पाठीसारखी. गोपिकानं मनात रामाचं नाव घेतलं आणि हात काढला.

"मावशी, राहू द्या ही. मी साहेबांना सांगते, दुसरी बनवा म्हणून."

मनकर्णाबाईनं वर दोऱ्याकडे पाहिलं. मग तिनं स्वतःच पक्कड पुढे केली.

"नाई. लोकायचे घरं होतील म्हन्ते, तं ने. पन एक करजो, बाई. हौदात सोडतानी तू सोता उभी राह्यजो. एकदम बुडवू नोको. पाण्याले लय भेत होती ते. न्हाऊ घालतानी मान धरते न लेकराची, तसं एक टोक हातावर धरजो."