ओसाड अर्ध्यातला ठिपका

माझे धाकटे दीर आयुष्यभर यीस्ट पाळत होते. मी रंगमंचावर खोट्या मिशांच्या राजांबरोबर राज्य करत होते, तेव्हा भावजी प्रयोगशाळेत त्या चिमुकल्या जिवांना साखर भरवत बसायचे. टाळ्या सगळ्या माझ्याच वाट्याला आल्या.

त्यांचा जीव एका एन्झाइमवर जडला होता. प्रोटीनचे बरेच तुकडे एकत्र आले की ते तयार व्हायचं. त्यातल्या एका तुकड्याच्या टोकाशी छोटासा भाग होता. त्याला ते डोमेन म्हणत. एन्झाइमच्या मुख्य कामात त्याचा काही हात नाही, पण तो कापला की बाकीचे तुकडे जुळतच नाहीत.

"वहिनी, तुमच्या नाटकात तो मुका चोपदार असतो ना? तो विंगेत अडकला की दरबारच भरत नाही. तसं."

"चोपदाराला निदान चहा तरी मिळतो, भावजी."

निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी शेवटचा डाव मांडला. कापलेला भाग यीस्टमध्येच, पण सुटा तयार करवायचा. तो आपणहून जागेवर जाऊन बसला, तर काम पुढे चालू राहणार. नाहीतर विभागप्रमुख बाई त्यांचा फ्रीझर रिकामा करणार होत्या. साखरेवर यीस्ट त्या एन्झाइमवाचून जगतं, ग्लिसरॉलवर मात्र वाढत नाही. तीच कसोटी.

निकालाच्या दिवशी मी डबा घेऊन गेले. ग्लिसरॉलच्या बशीत एका अर्ध्यात तुलनेसाठी लावलेलं, काहीच न कापलेलं धड यीस्ट सायीसारखं दाट धरलेलं. दुसरा अर्धा, त्यांच्या प्रयोगाचा, ओसाड. त्या ओसाडीत एकच पांढरा ठिपका.

"उगवलं की हो," बाई मनापासून खूश झाल्या. "कळवून टाकू या."

"आधी तपासतो."

"आता आणखी काय तपासायचं राहिलं?"

"शेजारी धड यीस्ट आहे बाई, आणि माझा हात हल्ली कापतो."

घरी ते कप दोन्ही हातांनी धरायचे. मला वाटायचं, थंडी वाजत असेल.

ठिपक्यातल्या यीस्टमध्ये प्रोटीनचा तो तुकडा टोकासकट अखंड निघाला. पलीकडचंच यीस्ट कापत्या हातानं इकडे सांडलं होतं. सुटा भाग कुणालाच जाऊन बिलगला नव्हता.

"नसतं तपासलं तर?" मी वाटेत विचारलं.

"तर माझ्यामागून आलेल्या कुणाची तरी उमेदीची वर्षं त्यात गेली असती."

फ्रीझरमधल्या यीस्टच्या नळ्या त्यांनी स्वतःच नष्ट करायला वाफेच्या भांड्यात घातल्या. बोळभर पावाचा वास सुटला. जाता जाता कुणीतरी डोकावलं, "काय, आज पार्टी वाटतं?" भावजींनी झाकणावरचा हात काढला नाही.

घरी आल्यावर मी चहा ओतायला घेतला, तेव्हा त्यांनी कप पुढे केला.

"अर्धाच भरा, वहिनी."

मी अर्धाच भरला.