शेवटचे नऊ सेकंद

ग्लेनिस थॉर्ली जूनमध्ये निवृत्त होतेय. तिच्यावर दोन पानं लिहून द्यायला विभागाने मला सांगितलं, कारण तिच्यासोबत सगळ्यात जास्त वर्षं मी काढली. एकोणीस. मी विद्यापीठातला फिल्म-संकलक. प्राध्यापक मंडळी बोलतात, मी कापतो. विभागाला हवी होती तसली गोडगोड दोन पानं मी अर्ध्या तासात खरडून दिली. ही वेगळी.

ग्लेनिस टास्मानियाच्या वायव्य किनाऱ्याकडची, बटाट्याच्या शेतावर वाढलेली. तिचा थोरला भाऊ कॉलिन एकेक शब्द बोलायला फार वेळ घ्यायचा. सातव्या वर्षी घरच्यांनी त्याला अपंगांच्या संस्थेत ठेवलं आणि चाळिशीत तो तिथेच वारला. एकदा संस्थेत टीव्हीवाले आले होते. कॉलिनला काहीतरी सांगायचं होतं. तो तोंड उघडतोय तोच शेजारची परिचारिका हसून म्हणाली, याला इथे फार आवडतं. टीव्हीवर तेवढंच दिसलं. ही गोष्ट ग्लेनिसने मला पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि पुढे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला, प्रत्येक अनुदान समितीला. मला ती तोंडपाठ झाली होती. तरी दर वेळी सांगताना तिचा राग तितकाच ताजा असायचा, आणि ते नाटक नव्हतं.

त्या एका रागावर तिने सगळी कारकीर्द उभी केली. लॉन्सेस्टन शहरातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये ती कार्यशाळा घ्यायची. गोलात खुर्च्या, चहा, लॅमिंग्टन केकचा डबा. ज्यांच्या वतीने कायम दुसरेच बोलतात अशी माणसं यायची आणि स्वतःच्या आवाजात स्वतःची चार मिनिटांची गोष्ट पडद्यावर मांडायची. संकलनाच्या वेळी ज्याची गोष्ट तो माझ्या शेजारी बसणार, हातात दोन कार्डं. हिरवं म्हणजे ठेव, लाल म्हणजे काढ. लाल दाखवलं की वाद नाही, का म्हणून विचारायचंसुद्धा नाही. काय एकेक सुंदर शॉट मी असे फेकून दिलेत! मी कुरकुरलो की ग्लेनिस म्हणायची, "डग, तुझ्या बापाची गोष्ट आहे का?" या पद्धतीवर तिने पुस्तक लिहिलं, त्या पुस्तकावर ती प्राध्यापक झाली, आणि ते पद तिने स्वतःच्या घामाने मिळवलेलं होतं, हे मी कुणालाही सांगेन.

मग मार्नी काउप आली. चौतीस वर्षांची, डाउन सिंड्रोम असलेली, एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. फिल्म लाँड्रीचीच: वाफ, चादरी, मैत्रिणींची थट्टामस्करी, आणि शेवटी फिरत्या मशीनकडे बघत उभी असलेली मार्नी, अख्खं एक मिनिट, एक शब्दही नाही. चित्रीकरणाच्या दिवशी तिची आई वेंडी तिथे आली होती आणि तिने मार्नीला मिठी मारली होती. नऊ सेकंदांचा शॉट, उजेड अगदी मनासारखा. मार्नीने लाल कार्ड दाखवलं. मी लबाडी करून तो दुसरीकडे लावून बघितला. पुन्हा लाल.

त्याच महिन्यात विद्यापीठाने आमचा हा कार्यशाळांचा कार्यक्रम बंद करायच्या यादीत टाकला. येत्या फिल्म महोत्सवात एखादं बक्षीस मिळालं तरच तो वाचणार होता. ग्लेनिस एकटीच माझ्या खोलीत आली, फिल्म दोनदा बघितली, म्हणाली, शेवट फार कोरडा वाटतो. मशीन वीस सेकंदांवर आण आणि मिठीवर संपव.

"ती नको म्हणालीय," मी म्हणालो.

"मी समजावते तिला."

तिने समजावलं नाही. समजावणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी मिठी लावली.

शनिवारी दुपारी महोत्सवात फिल्म दाखवली, तीनशे माणसांसमोर. शेवटच्या नऊ सेकंदांत निम्मा हॉल डोळे पुसत होता. मार्नी आणि ग्लेनिस मंचावर गेल्या. एका गृहस्थाने मार्नीला विचारलं, हा इतका हृद्य शेवट तुम्हाला कसा सुचला?

"तो मी नाही केला," मार्नी म्हणाली. "मी लाल दाखवलं होतं. त्या दिवशी आईने मॅनेजरला सांगितलं, हिला काम झेपत नाही. मग मिठी मारली."

ग्लेनिसने माइक घेतला, मार्नीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाली, "मार्नी कधी कधी विसरते."

लोक हसले. अगदी प्रेमाने हसले, टाळ्याही वाजवल्या. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो आणि मला ग्लेनिसचा चेहरा दिसत होता. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं होतं.

बक्षीस मिळालं, कार्यक्रम वाचला. ग्लेनिस आठ दिवस कामावर आली नाही. नवव्या दिवशी तिने बक्षीस परत पाठवलं, फिल्मचा मूळ शेवट माझ्याकडून पुन्हा लावून घेतला आणि मला घेऊन मार्नीच्या घरी गेली. मार्नी स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेलच्या घड्या घालत होती. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही.

"मी खोटं बोलले," ग्लेनिस म्हणाली. "तू काहीच विसरली नव्हतीस."

"ते मला माहितेय. त्यांना सांग."

ग्लेनिसने सांगितलं की महोत्सवाला पत्र लिहिलंय, वेबसाइटवरही टाकलंय.

"वेबसाइट नको. जे हसले ना, त्यांना सांग."

"ती माणसं आता मी परत कुठून गोळा करू, मार्नी?"

मार्नीने आणखी एक घडी घातली. "म्हणजे त्यांच्यासाठी मी विसराळूच."

रागावली असती तर सोसलं असतं. मग मार्नी माझ्याकडे वळली.

"डग, तूपण होतास ना हॉलमध्ये?"

"होतो."

"तुला आठवत होतं, मी लाल दाखवलेलं?"

"हो."

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला आणि ती थांबली. मला बोलायला लागेल तितका वेळ द्यायची तिची तयारी होती.