सेंटर फॉरवर्डची जागा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही. हॉकीच्या गप्पा मी लई मारतो — कुणाचा फटका कसा होता, छावणीच्या मैदानावर चेंडू कसा उसळायचा. कुणी यूसुफचं विचारलं तर म्हणतो, ते लोक पाकिस्तानात गेले. आणि पुढच्या विषयाकडं वळतो. ते खोटं नाही. खोटं नाही, हीच तर पंचाईत आहे.

तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका फक्त.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. मी फुलंब्रीकडच्या एका खेड्यातून शिकायला औरंगाबादेत आलो होतो, गुलमंडीच्या मागं एका खोलीत राहायचो. आमच्या कॉलेजची हॉकीची टीम त्या काळात दर सुट्टीत मोडायची आणि पुन्हा जुळायची. मार्चमध्ये बरोबर खेळलेला पोरगा जूनमध्ये असेलच याचा भरवसा नव्हता. गोलकीपर हैदराबादला मामाकडं गेला, तो आलाच नाही. एक फुलबॅक कराचीला गेला. डावीकडून पळणारा एकजण पोलिसात भरती झाला. त्यांच्या जागी माझ्यासारखी, शेतातून आलेली, काठी हातात कशी धरायची हेही नीट माहीत नसलेली पोरं उभी राहिली.

मला काठी धरायला शिकवलं यूसुफनं.

तो सेंटर फॉरवर्ड. सगळ्यात पुढं, मधोमध. मी त्याच्या उजव्या अंगाला खेळायचो. चेंडू काढून त्याला द्यायचा, गोल तो करायचा. त्याचं घर शहागंजच्या पलीकडं एका गल्लीत होतं. पुढच्या खोलीत दोन माग — त्याचे अब्बा हिमरू विणायचे, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीचं कापड; त्याच्या शालींसाठी लांबलांबून माणसं यायची. मागं राहायचं घर. घर म्हणजेच कारखाना आणि कारखाना म्हणजेच घर. अम्मी मला पहिल्या दिवसापासून बेटा म्हणायच्या. मी त्यांच्याकडं जेवतो हे मी गावी सांगितलं नव्हतं — पण ते लपवणं वेगळं. त्याचं मला काही वाटत नाही.

त्या वर्षी सुट्टी लागायच्या आधी, शेवटच्या सरावात, यूसुफचा पाय मैदानातल्या खड्ड्यात गेला. घोटा असा फिरला की आवाज मला ऐकू आला. मीच त्याला सायकलवर घालून हाडवैद्याकडं नेलं. वैद्यानं घोटा बसवला, पट्टी बांधली, म्हणाला, उन्हाळा जाईल, पावसाळ्यात पळेल.

मी गावी गेलो नाही. रोज त्याच्याकडं जायचो. त्याचा हात खांद्यावर घेऊन गल्लीत चालवायचो. हे सगळं खरं आहे बरं का. मी त्याला जीव लावत होतो, हे खरं आहे. मग पुढचं कसं घडलं?

घडलं असं, की सुट्टीत छावणीतल्या फौजी टीमशी आमचा एक सामना झाला. यूसुफ नव्हता म्हणून सरांनी मला मध्ये घातलं. सर म्हणजे आमचे देशमुख सर — गणित शिकवायचे आणि टीमही तेच बघायचे. मी दोन गोल केले. फौजी लोकांनी पाठ थोपटली. एक जण म्हणाला, हा नवा कोण?

बस्स. एवढंच. त्या एका संध्याकाळी मला कळलं की पुढं मधोमध उभं राहिल्यावर सगळं मैदान आपल्याकडं बघतं. आणि त्यानंतर यूसुफचा पाय जसजसा बरा होत गेला तसतसं मला ते बघवेनासं झालं. तो काठी न टेकता पाणचक्कीपर्यंत चालून आला, त्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली. खोलीवर येऊन मला जेवण गेलं नाही. 

जूनच्या तोंडावर सरांनी मला घरी बोलावलं. हैदराबादला कॉलेजांचे सामने व्हायचे होते आणि त्यांना नवी टीम ठरवायची होती. ओसरीवर बसलो. कोण आहे, कोण गेला, कोण नवीन येतोय, असं चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, यूसुफचा पाय कसा आहे?

मी म्हणालो, “पाय बरा आहे सर. पण ते लोक जायचेत.”

“कुठं?”

“पाकिस्तानात. त्याचा चाचा गेलाय ना कराचीला. आता हेही जाणार.”

सरांनी कप खाली ठेवला. नक्की का, म्हणाले. मी म्हणालो, घरातलंच ऐकलंय. आणि त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? त्या घरात जेवणारा मी. माझ्याइतकं त्यांच्या घरातलं कुणाला माहीत असणार?

असं काही ठरलेलं नव्हतं. चाचा गेला होता हे खरं. पण अब्बा त्याचं नाव निघालं की चिडायचे. माग काय डोक्यावर घेऊन जाऊ का, म्हणायचे.

माझ्या तोंडून ते कसं निघालं, मी आधीपासून ठरवून गेलो होतो का? नव्हतो. शपथेवर सांगतो, नव्हतो. पण निघाल्यावर परत घेता आलं असतं. सरांनी कप पुन्हा उचलला, त्या वेळी सुद्धा घेता आलं असतं. ते सुस्कारा टाकून म्हणाले, “मग पुढं तूच खेळ.” मी हो म्हणालो.

मला वाटलं होतं काय होईल? कॉलेज उघडेल, यूसुफ येईल, सर म्हणतील, अरे तू जाणार होतास ना. तोवर टीम ठरलेली असेल. त्याला उजवीकडं घेतील. थोडी गंमत होईल, गैरसमज म्हणून सुटेल. खरंच, माझी अक्कल एवढीच चालली.

सरांनी ते वाईट हेतूनं नव्हे, हळहळत चार माणसांत सांगितलं. आणि त्या दिवसांत ही बातमी साधी नव्हती. जे गेले, किंवा जाणार आहेत, त्यांच्या घरादारावर सरकारचा ताबा येऊ शकत होता. शहागंजातलं घर, दोन माग, मोक्याची जागा — त्यावर कुणाचा तरी डोळा असणारच. कुणीतरी अर्ज केला. कुणी, ते मला आजही माहीत नाही.

एका दुपारी यूसुफ माझ्या खोलीवर आला. अजून थोडा लंगडत होता. चेहरा पांढरा पडलेला. खाली बसला. मग म्हणाला, कचेरीची माणसं आली होती. घर मोजून गेली. माग मोजून गेली. अब्बांना विचारलं, तुम्ही कधी निघणार?

मी भिंतीला टेकलो.  खरं सांगतो, तोवर मी त्या ओसरीवर काय बोललो होतो ते मलाच कळलं नव्हतं. मैदानातल्या एका जागेसाठी बोललो होतो मी! आणि ते बोलणं चालत चालत त्यांच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं, हातात टेप घेऊन.

“किसने बोला होगा रे?” यूसुफ म्हणाला. “साहब बोले, खबर कॉलेजसे आई. कॉलेज में मेरा कौन दुश्मन है?”

तो माझ्याकडंच बघत होता. संशयानं नव्हे — दुसरं कुणाकडं बघणार, म्हणून.

चौकशीला अब्बांना कचेरीत बोलावलं होतं. ओळखीचा कुणीतरी साक्षीला हवा होता. यूसुफ म्हणाला, तू चल. तू हिंदू, शेतकऱ्याचा पोरगा, आमच्या घरात ऊठबस तुझी. तू सांग की आम्ही कुठं जात नाही. तुझं ऐकतील. मी म्हणालो, येतो की. विचारायची गोष्ट आहे का?

त्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला. सायकल काढली. कचेरीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. लिंबाखाली अब्बा उभे होते — डोक्यावर टोपी, अंगावर स्वतः विणलेल्या हिमरूची जुनी शेरवानी, एवढ्या उन्हात. यूसुफ रस्त्याकडं बघत होता, माझी वाट बघत. त्यानं मला पाहिलं नव्हतं.

आणि माझ्या मनात आलं, आत साहेबानं विचारलं तर? तुम्ही कॉलेजातले, मग ही बातमी निघाली कुठून, असं विचारलं तर? अब्बांच्या समोर मी काय बोलू?

मी सायकल वळवली. हर्सूलच्या तळ्यावर जाऊन बसलो. उन्हं कलेपर्यंत बसलो.

पहिली गोष्ट तोंडातून निघून गेली, असं म्हणता येईल. दुसरी? दुसरीला काय म्हणू? तिथं मी पायडल मारलं होतं, माझ्या पायांनी.

यूसुफला मी सांगितलं, ताप आला होता. त्यानं लगेच मानलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आला — अम्मींनी तापासाठी शोरबा पाठवला होता. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाला, उतरलाय. मी त्याच्यासमोर तो शोरबा प्यालो. सगळा.

घर गेलं नाही. चौकशी लांबत गेली, माणसं येत राहिली, पण ताबा कुणी घेतला नाही. त्या धावपळीत यूसुफ कॉलेजात आलाच नाही, सरांची त्याची गाठ पडली नाही. गेलं ते दुसरंच काहीतरी. अब्बांनी नवी शाल मागावर चढवली नाही. यूसुफनं मला सांगितलं, ते दिवसभर दाराशी बसून असतात. म्हणतात, माझ्या बापानं बांधलेल्या घरात मी राहणार आहे हे मला परक्याला पटवावं लागतंय, आणि माझ्या बाजूनं बोलायला एक माणूस आला नाही. एक माणूस. यूसुफनं ते सहज सांगितलं. मला खरंच ताप होता असंच तो धरून चालला होता.

पावसाळा संपता संपता त्यांनी घर विकलं, मिळेल त्यात. माग सुटे करून कुणाला दिले ते मी विचारलं नाही. मनमाडला गाडी बदलून मुंबई, तिथून कराचीची बोट. स्टेशनवर मी गेलो होतो. ट्रंका उचलल्या, पाणी भरून आणलं. अम्मी डब्यात बसून बुरख्याआड रडत होत्या. अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

गाडी सुटायच्या आधी यूसुफनं मला बाजूला घेतलं.

“एक बात बोलनी थी तेरेकू,” तो म्हणाला. “पैर पहले जैसा भागता नई अब. मैं जून में सर को बोलनेवालाच था, इसको सामने खिलाओ, मैं पीछे हाफ में खेलूँगा. तू अच्छा खेलता है मियाँ. डरा मत कर.”

ती जागा तो मला देणारच होता.

 त्याच वेळी, तिथं, फलाटावर सांगायचं होतं. गाडी उभी होती. वेळ होता. मी त्याला मिठी मारली, आणि लोकांना वाटलं असेल, काय दोस्ती आहे.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सरांनी सगळ्या पोरांसमोर सांगितलं की यूसुफची माणसं गेली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तू म्हणाला होतास तेच खरं झालं.”

पोरं माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली. हो, म्हणालो.

नंतर आम्ही हैदराबादला गेलो. मी सेंटर फॉरवर्ड होतो. तिथल्या लोकांना आमच्या टीमचं नाव माहीत नव्हतं, ते माझ्यामुळं माहीत झालं. शेवटच्या सामन्यात चेंडू उजवीकडून आला, मी तो न थांबवता मारला आणि गोलाच्या फळीवर खाडकन आदळलेला ऐकला. पोरांनी मला उचललं. आणि त्या वेळी — मला यूसुफ आठवला नाही, अब्बा आठवले नाहीत. मला लई आनंद झाला होता.